चांगला होमिओपॅथ कुठे मिळेल, असे विचारणाऱ्यांना

आरोग्याच्या या पानाकडे वाचकांचे जे प्रश्न येतात, त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. महाडमध्ये चांगला होमिओपॅथ कोण? पोलादपूर बाजूला निसर्गोपचार करणारे कुणी आहे का? विचारणारे बहुतेक पन्नाशी ओलांडलेले. कुणी मुंबईत गिरणीत, गोदीत, महापालिकेत नोकरी करून गावी परतलेले, कुणी आयुष्यभर इथेच भातशेती आणि मजुरी केलेले. गुडघे धरले आहेत, साखर निघाली आहे, बी. पी.ची गोळी कायमची मागे लागली आहे, पित्त आहे, अंगाला खाज आहे. आणि सगळ्यांचे एक वाक्य ठरलेले असते: इंग्रजी औषधे गरम पडतात, आता साइड इफेक्ट नसलेले काहीतरी बघायचे आहे.

आम्ही कुणाचे नाव सुचवणार नाही. आरोग्याच्या पानावर कुणाची जाहिरात होऊ नये, हे एक कारण झालेच. पण खरे कारण वेगळे आहे. 'चांगला कोण' या प्रश्नाच्या आधी 'तो देतो काय' हा प्रश्न येतो, आणि तो आपल्याकडे सहसा विचारला जात नाही. तो आधी विचारू.

एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करू. आपली माणसे होमिओपॅथकडे जातात ती मूर्ख म्हणून नाही. सरकारी दवाखान्यात सकाळी केस पेपर काढायचा, रांगेत तास काढायचा आणि डॉक्टरांसमोर दोन मिनिटे मिळायची. वाडीवरून पहिली एस. टी. पकडून आलेल्या बाईला आपल्या दुखण्याची सुरुवात सांगेपर्यंत पुढचा माणूस खुर्चीवर बसलेला असतो. होमिओपॅथ मात्र बसवून घेतो. झोप कशी लागते, तहान लागते का, घाम कुठे येतो, मनाला काय लागले आहे, हे सगळे विचारतो. नवरा गेल्यापासून डोके दुखते असे एखाद्या काकूंनी सांगितले तर तो हसत नाही, लिहून घेतो. पैसे थोडे घेतो, संध्याकाळी उशिरापर्यंत दवाखाना उघडा ठेवतो, प्रसंगी उधारीही चालते. आपल्या समाजाला डॉक्टरांच्या खुर्चीसमोर मानाने बसता आले त्याला किती वर्षे झाली? ऐकून घेणारा डॉक्टर म्हणजे अर्धे औषध, हे आम्हालाही पटते. आमचा मुद्दा उरलेल्या अर्ध्याबद्दल आहे.

होमिओपॅथी ही आपल्या मातीतली विद्या आहे असा अनेकांचा समज असतो. ती जर्मनीतली आहे. सॅम्युएल हानेमान या डॉक्टरांनी १७९० च्या सुमारास सिंकोनाची साल, म्हणजे ज्यापासून क्विनीन निघते ती, स्वतःवर घेऊन पाहिली. थंडीतापासारखी लक्षणे अंगात दिसली असे त्यांनी नोंदवले आणि त्यावरून नियम मांडला की जे निरोगी माणसात लक्षण उत्पन्न करते तेच रोग्याचे ते लक्षण घालवते. १८१० मध्ये त्यांचा मुख्य ग्रंथ आला. त्या काळचे युरोपातले वैद्यक भयंकर होते हे लक्षात घ्यावे. रोग्याची नस कापून रक्त काढत, पारा पाजत, जुलाब देऊन देऊन माणूस लुळा करत. अशा डॉक्टरांपेक्षा गोड गोळी देऊन रोग्याला स्वस्थ पडू देणारा डॉक्टर बरा ठरला, यात नवल नाही. पण बरा ठरला तो अपाय केला नाही म्हणून.

आता बाटलीवरचा आकडा. तीस, दोनशे असे आकडे आपण वाचतो आणि ताकद वाढत गेली असे समजतो. प्रत्यक्षात तो आकडा औषध किती वेळा पातळ केले ते सांगतो. मूळ अर्काचा एक थेंब नव्याण्णव थेंब पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये मिसळायचा, हलवायचा. त्यातला एक थेंब पुन्हा नव्याण्णव थेंबांत. असे तीस वेळा केले की ती 'तीस'ची बाटली. साधारण बाराव्या पायरीच्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणूही उरण्याची शक्यता राहत नाही. तिसाव्या पायरीवर तो एक रेणू पोटात जावा असे वाटत असेल तर पृथ्वीवरचे सगळे समुद्र प्यायले तरी कमी पडतील. म्हणजे गोळीत उरते ती साखर. साइड इफेक्ट नाही हे म्हणणे म्हणूनच खरे आहे. ज्यात काही नाही त्याचा इफेक्ट नाही आणि साइड इफेक्टही नाही. (मूळ अर्क आणि अगदी कमी आकड्यांची औषधे यांची गोष्ट निराळी. त्यांत पदार्थ असतो, अर्कात अल्कोहोलही असते. दारू सोडलेल्या माणसाने हे विचारूनच घ्यावे.)

"पण आम्हाला गुण आला," असे यावर कुणीतरी म्हणणारच. खोटे कशाला बोलेल? गुण आलेला असतो. तो कशाने आला, एवढेच विचारायचे आहे. आणि हे समजून घ्यायला महाड तालुक्याइतकी चांगली शाळा दुसरी नाही, कारण इथे विंचवाची गोष्ट घडली आहे.

आपल्या वाडीवाडीत पूर्वी विंचू उतरवणारा असे. मंत्र म्हणायचा, मुळी फिरवायची, राख लावायची. त्याच्या हाताला गुण आहे अशी ख्याती असायची आणि ती अगदीच निराधार नव्हती, कारण त्याच्याकडे गेलेले बरेच लोक बरे होत. कारण साधे होते. काळा विंचू चावला तर आग होते, पण जीव सहसा जात नाही. लाल विंचवाने नांगी मारली तरी दर वेळी पुरेसे विष उतरतेच असे नाही. म्हणजे न उतरवताही बरी होणारी माणसे मांत्रिकाच्या खात्यावर जमा होत. जे दगावले त्यांच्याबद्दल 'उशीर झाला' किंवा 'वेळ भरली होती' असे म्हटले जाई. दगावणाऱ्यांत पोरे जास्त असत.

१९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर आले. त्यांनी मंत्र म्हटला नाही आणि मांत्रिकाशी भांडण्यातही वेळ घालवला नाही. ते रोग्याच्या खाटेशेजारी रात्रभर बसले. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास, हातपाय गार पडणे, सगळे वेळेसह लिहून काढले. माणूस मरतो तो हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरल्याने, हे त्या नोंदींतून उलगडले. त्यांची निरीक्षणे १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध विंचूदंशावर वापरले. त्या काळी गंभीर विंचूदंशात शंभरातले चाळीसच्या आसपास रोगी दगावत. ते प्रमाण एका टक्क्यापर्यंत खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली हे आपल्याला ठाऊक असते. आम्हाला मात्र त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट.

विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार झाले, तेव्हा प्रश्न आला की प्राझोसिन एकटे पुरेसे की त्याला प्रतिविषाची जोड द्यावी. बावस्कर दांपत्याने महाडमध्येच सत्तर रोग्यांवर चाचणी केली. पस्तिसांना नुसते प्राझोसिन, पस्तिसांना दोन्ही. कुणाला काय द्यायचे ते डॉक्टरांच्या मर्जीने ठरले नाही. दहा तासांनंतर दोन्ही औषधे मिळालेल्या पस्तिसांपैकी बत्तीस पूर्ण बरे होते. नुसत्या प्राझोसिनवाल्यांत आठ. हा निकाल २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. ज्या औषधाने नाव मिळवून दिले, त्याच औषधाला या डॉक्टरांनी परीक्षेला बसवले आणि ते एकटे कमी पडते हे स्वतःच छापून टाकले. औषध खरे की खोटे हे ठरवायची रीत ही. ती लंडनची किंवा दिल्लीची आहे असे समजू नका, ती आपल्या महाडात वापरलेली आहे.

होमिओपॅथीलाही अशाच परीक्षेला अनेकदा बसवले गेले. एका गटाला औषधाची गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी नुसती साखरेची. कुणाला कोणती, हे रोग्यालाही ठाऊक नाही. अशा अभ्यासांचा मोठा आढावा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये घेतला. होमिओपॅथीने नक्की बरा होतो असा विश्वासार्ह पुरावा एकाही आजाराबाबत सापडला नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने २०१७ मध्ये ही औषधे लिहून देऊ नका असे डॉक्टरांना सांगितले. फ्रान्समध्ये, जिथे ही औषधे घरोघरी होती, सरकारी विम्यातून त्यांचे पैसे देणे २०२१ पासून बंद झाले. आपल्याकडे त्याच सुमारास काय चालले होते ते आठवा. २०२० मध्ये करोनाच्या भीतीत आर्सेनिक अल्बम तीसच्या बाटल्या गल्लोगल्ली, गावोगावी वाटल्या गेल्या. बाटलीवर कुणाकुणाचे फोटो होते तेही आठवत असेल. त्या गोळ्या घेतलेल्यांनाही करोना झाला, न घेतलेल्यांनाही झाला. फोटो मात्र घरोघरी पोहोचले.

तरीही सर्दी, थोडी खाज, परीक्षेआधीची पोटातली कालवाकालव, अशा आपोआप ओसरणाऱ्या तक्रारींसाठी कुणी गोड गोळ्या घेतल्या तर आम्ही त्यांच्या मागे काठी घेऊन लागणार नाही. धीर येतो, झोप लागते, चार दिवसांत बरे वाटते. चार दिवसांत तसेही वाटणार होते. काळजी वाटते ती पुढच्या दोन गोष्टींची.

पहिली म्हणजे पाटी एक आणि हातात दुसरेच. आपल्या दोन्ही तालुक्यांच्या बाजारपेठांत बी. एच. एम. एस. अशी पाटी असलेल्या अनेक दवाखान्यांत प्रत्यक्षात गोड गोळी मिळतच नाही. मिळते ते इंजेक्शन, सलाईन, प्रतिजैविकांची पट्टी आणि पुडीत बांधलेल्या बिननावाच्या गोळ्या. म्हणजे आपण 'साइड इफेक्ट नको' म्हणून ज्यांच्याकडे जातो, तेच आपल्याला इंग्रजी औषध देतात, आणि तेही न सांगता. याचे काय होऊ शकते त्याचा एक दाखला मुंबईतलाच आहे. १९९२ च्या जुलैत एका तरुण नोकरदाराला ताप आला. होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरांनी त्याला आधी विषमज्वर नसलेल्या तापाची आणि मग विषमज्वराची इंग्रजी औषधे दिली. तपासण्या नीट झाल्या नाहीत. दहा दिवसांत तो तरुण गेला. त्याच्या पत्नीने लढा दिला आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्या शास्त्राचे औषध देणे हाच निष्काळजीपणा आहे. तीन लाख रुपये भरपाई द्यायला लावली. त्या बाईंचे नाव इथे देत नाही, पण एकटी बाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली हे आपल्या महिला मंडळांत जरूर सांगावे.

त्यानंतर राज्य सरकारने २०१४ मध्ये कायदा बदलला. होमिओपॅथी डॉक्टरने आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला तर त्याला काही आधुनिक औषधे देता येतील, अशी ती तरतूद. त्याविरुद्ध डॉक्टरांची संघटना न्यायालयात गेली. २०२५ मध्ये या डॉक्टरांच्या नोंदणीवरून पुन्हा वादळ उठले, संपही झाला. खेड्यात डॉक्टर येत नाहीत म्हणून हा मार्ग, असे त्याचे समर्थन केले जाते. आम्हाला हे समर्थन खुपते. साडेपाच वर्षे एक शास्त्र शिकायचे आणि एका वर्षात दुसऱ्याचा दाखला घ्यायचा, हे पुरेसे असेल तर मग मंत्रालयाच्या आसपास राहणाऱ्यांनीही आपल्या छातीत दुखेल तेव्हा अशाच दवाखान्यात जावे. ते जाणार नाहीत. म्हणजे शहराला एक डॉक्टर आणि वाडीला दुसरा. पाणवठे वेगळे ठेवण्याची सवय या देशाला जुनी आहे, आणि महाडच्या लोकांना ती ओळखायला शिकवावी लागत नाही. खेड्यात डॉक्टर नसेल तर मागणी डॉक्टरची करायची, डॉक्टरच्या बदलीची नव्हे.

दुसरी काळजी निसर्गोपचाराची. या उपचारातला चांगला भाग आधी सांगतो, कारण तो खरोखर चांगला आहे. मीठ कमी, तेल कमी, भाताचा ढीग कमी करून नाचणी, कडधान्य, पालेभाजी जास्त. रोज चालणे. वेळेवर झोप. दारू, तंबाखू आणि मिश्री बंद. (मिश्रीला आपण व्यसन म्हणतच नाही, दात घासणे म्हणतो.) साखर आणि रक्तदाब असलेल्या माणसाला हे कुठल्याही डॉक्टरने सांगावे असेच आहे, आणि याला एक पैसा लागत नाही. ज्याला एक पैसा लागत नाही ते दहा दिवसांच्या निवासी शिबिरात हजारो रुपये घेऊन का विकले जाते, हा प्रश्न मात्र पडावा.

महाराष्ट्रात निसर्गोपचाराला मोठे नाव मिळाले ते गांधीजींमुळे. पुण्याचे डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र, जिथे आज राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे, आणि १९४६ पासूनचा उरुळी कांचनचा आश्रम, ही दोन्ही ठिकाणे त्या परंपरेतली. मातीची पट्टी, कटिस्नान, उपवास, एनिमा यांवर गांधीजींची श्रद्धा सर्वांना माहीत आहे. पण जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांचे अपेंडिक्स सुजले तेव्हा मातीच्या पट्टीवर भागले नाही. ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने रात्री शस्त्रक्रिया करून त्यांना वाचवले. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरे केले. हे आम्ही कुणाला खिजवण्यासाठी सांगत नाही. वेळ आली तेव्हा त्यांनी चाकूला होकार दिला, हे शहाणपणाचेच झाले. बाबासाहेबांना मधुमेहाने आणि सांधेदुखीने किती छळले हे आपण जाणतो. माईसाहेब स्वतः एम. बी. बी. एस. डॉक्टर होत्या, आणि इन्सुलिन, पथ्य, मोजमाप अशा शिस्तीने त्यांनी बाबासाहेबांची प्रकृती सांभाळली.

शिबिरांत नेमके याच्या उलट घडते. आमच्या परिचयातल्या एका मावशी, साठीच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या, घाटावरच्या एका शिबिरात गेल्या. तिथे पहिल्याच दिवशी गोळ्या बंद करायला सांगितल्या आणि फळांच्या रसावर ठेवले. वजन उतरले, अंग हलके वाटले, त्या आनंदाने परत आल्या. गावी आल्यावर पायाला ठेच लागली ती भरेना. दीड महिन्याने मुंबईला नेले तेव्हा साखर पाचशेच्या वर होती आणि पायाचे बोट काढावे लागले. उलटही होऊ शकते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू ठेवून कडक उपवास केला तर साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, माणूस बेशुद्ध पडतो. म्हणजे गोळी आणि उपवास यांचा हिशोब साखर मोजणाऱ्या डॉक्टरांनीच बसवायला हवा.

मग निसर्गोपचार करणारा शोधायचाच असेल तर? बी. एन. वाय. एस. ही साडेपाच वर्षांची पदवी आहे, त्यात एक वर्ष रुग्णालयातले काम असते. ती आहे का ते विचारा. सहा महिन्यांचे, पत्राने मिळणारे, 'एन. डी.' किंवा तत्सम अक्षरांचे दाखले म्हणजे पदवी नव्हे. होमिओपॅथीसाठी २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय आयोग आहे आणि राज्यात नोंदणी करणारी परिषद आहे. निसर्गोपचारासाठी केंद्रात असा आयोग नाही, म्हणून इथे भोंदूंना रान मोकळे आहे. 'इलेक्ट्रोहोमिओपॅथी' अशी पाटी दिसली तर ती होमिओपॅथी नाही आणि मान्यताप्राप्त पद्धतही नाही. होमिओपॅथ असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला असायला हवा. नसेल तर मागा. मागितल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे परत जायचे कारण उरत नाही.

मधुमेह मुळापासून घालवतो, कॅन्सर बरा करतो, लकवा उठवतो अशी जाहिरात कुणी केली तर १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय जाहिरात कायद्याने तो गुन्हा आहे. भिंतीवर, एस. टी.च्या पाठीवर, मोबाईलवर अशा जाहिराती रोज दिसतात म्हणून त्या कायदेशीर होत नाहीत. सांधेदुखीवरच्या पांढऱ्या पुड्यांपासून तर फार जपावे. पहिल्या दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला, महिन्याभरात चेहरा सुजल्यासारखा गोल झाला, साखर वाढली, आणि पुडी थांबवताच दुखणे दुपटीने उसळले, तर त्या पुडीत स्टिरॉइड असण्याचा दाट संशय घ्यावा. अशी पुडी एकदम बंदही करू नये, तीच घेऊन सरकारी रुग्णालयात जावे.

आणि एक बाटली हल्ली आपल्या वाड्यांतही येऊ लागली आहे. गोमूत्राचा अर्क. पंचगव्य चिकित्सा असे तिला भारदस्त नाव आहे. १९२७ मध्ये आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यानंतर ते तळे 'शुद्ध' करायला शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे त्यात ओतले गेले. ते घडे कशासाठी होते हे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पाहिले, त्यांच्या घरात तेच द्रव्य औषध म्हणून शंभर-दोनशे रुपयांना विकले जावे, यावर आणखी काय लिहावे?

काही दुखण्यांत मात्र 'आधी होमिओपॅथी करून बघू' हा विचारही नको. लावणीच्या दिवसांत चिखलात काम करणाऱ्याला ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले, लघवी कमी झाली की तो लेप्टो असू शकतो. वेळेत साधी प्रतिजैविके मिळाली तर माणूस वाचतो, तीन दिवस गोड गोळ्यांत गेले तर मूत्रपिंड जाते. २०२१ च्या जुलैत महाड पाण्याखाली गेले आणि तळीयेवर दरड आली, तेव्हा घराघरातला चिखल उपसणाऱ्यांना या आजाराची भीती काय असते ते कळले आहे. साप चावला, विंचू चावला, छातीत दाबल्यासारखे झाले, तोंड वाकडे होऊन हात पडला, गरोदर बाईचे डोके दुखून पाय सुजले, लहान मुलाला जुलाब होऊन ते मलूल पडले, दोन आठवडे खोकला आणि संध्याकाळचा ताप राहिला, तर १०८ ला फोन करायचा किंवा जी गाडी मिळेल तिने रुग्णालय गाठायचे. क्षयाचे औषध सरकार पूर्ण मोफत देते, आहारासाठी महिन्याला पैसेही देते. ते अर्धवट सोडून निसर्गोपचाराला गेलेला रोगी स्वतःबरोबर घरातल्या पोरांनाही धोक्यात घालतो.

आजाऱ्याची सेवा करणे म्हणजे माझीच सेवा करणे, अशा अर्थाचे भगवान बुद्धांचे सांगणे विनयपिटकात आहे, ते आपण विहारात ऐकतो. त्याच ठिकाणी आजाऱ्याकडूनही एक अपेक्षा सांगितली आहे, ती कमी ऐकली जाते: सेवा करणाऱ्याला त्याने आपले दुखणे जसे आहे तसे सांगावे. आपल्याकडे लोक होमिओपॅथला इंग्रजी गोळ्यांबद्दल सांगत नाहीत आणि सरकारी डॉक्टरांना पुडीबद्दल सांगत नाहीत. दोघेही रागावतील अशी भीती असते. रागावले तर रागावू द्या. सगळी औषधे, पुड्या, बाटल्या एका पिशवीत घालून टेबलावर ठेवा.

पैशाचे म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. मोफत असून लोक तिथे का जात नाहीत, तर तालुक्याच्या ठिकाणी तज्ज्ञ मिळत नाही, औषध बाहेरून आणायला सांगतात, आणि पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून खाली उतरायलाच अर्धा दिवस जातो. या तक्रारी खऱ्या आहेत. पण त्यांचे निवेदन किती ग्रामशाखांनी दिले? जयंतीच्या मंडपाच्या परवानगीसाठी आपण तहसीलदारांकडे चार खेपा घालतो. ग्रामीण रुग्णालयात फिजिशियन आठवड्यातून निदान एक दिवस बसावा, साखरेच्या आणि बी. पी.च्या गोळ्या महिन्याभराच्या एकदम मिळाव्यात, एवढ्या दोन मागण्यांसाठी एक खेप घालायला काय हरकत आहे?

वर्षावासात ग्रंथवाचनाला दोन्ही तालुक्यांतल्या विहारांत माणसे जमतातच. त्यातल्या एका संध्याकाळी आशाताईंना आणि उपकेंद्राच्या सिस्टरना बोलवावे. तीस वर्षांच्या पुढच्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब मोजण्याचे काम त्यांच्याकडे आहेच, त्या येतील. मुंबई शाखेने एखादे रक्तदाबाचे यंत्र आणि साखर मोजायच्या पट्ट्या दिल्या तर पुढच्या महिन्यांतही मोजणी चालू राहील. आकडा ज्याचा त्याच्या हातात, चिठ्ठीवर, तारखेसह द्यावा. शाखेच्या वहीत लिहून सर्वांसमोर वाचू नये, विशेषतः लग्नाच्या मुलामुलींचा. आणि ज्यांना त्यानंतरही होमिओपॅथकडे जायचे असेल त्यांनी ती चिठ्ठी बरोबर न्यावी, तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत.